आयर्विन पूल ते दक्षिणद्वार : कृष्णाकाठचा प्रवास

सांगलीला गणपतीच्या दर्शनासाठी येणारे बहुतेक प्रवासी मंदिरातून बाहेर पडतात आणि थेट बसस्थानकाकडे किंवा मिरजेकडे वळतात. मंदिरापासून रमतगमत चालत पंधरा मिनिटांत जाता येईल अशा आयर्विन पुलावर मुद्दाम थांबणारे फार थोडे. आम्ही पती-पत्नींनी या वेळी क्रम बदलला. आधी नदी, मग पूल आणि त्यानंतर देव, असे ठरवून भाद्रपद लागता लागता आम्ही पुण्याहून निघालो. सांगलीचा गणपती समजून घ्यायचा असेल, तर आधी कृष्णेची पातळी समजून घ्यायला हवी, हे या प्रवासात मला पुन्हा पुन्हा जाणवले आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला दिवस : पूल

पेठ नाक्याला महामार्ग सोडून इस्लामपूर आणि आष्टा मागे टाकले, की दोन्ही बाजूंना ऊस दाटत जातो. आम्ही निघालो त्या दिवशी सकाळपासून पावसाची एक सर येत होती आणि थांबत होती. उसाच्या पानांवर पाणी होते आणि मध्येच सोयाबीनची पिवळसर होऊ लागलेली शेते दिसत होती. गावभागात माझी मावशी राहते. तिच्याकडे सामान ठेवले, ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि खर्डा असे जेवण झाले. मळीच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या या वांग्यांना बिया कमी असतात आणि ती लोण्यासारखी शिजतात. पुण्याच्या मंडईत ‘कृष्णाकाठची वांगी’ म्हणून जे मिळते, त्याची आणि या भाजीची तुलना करायला मी धजणार नाही.

चारच्या सुमारास काका आम्हाला पुलाकडे घेऊन निघाले. टिळक चौकातून पुढे गेले, की रस्ता नकळत पुलावर चढतो. त्यामुळे वाहनातून जाणाऱ्याला आपण एका ऐतिहासिक वास्तूवरून जात आहोत, हे कळतसुद्धा नाही. पूल पाहायचा असेल, तर घाटावर उतरूनच पाहावा. आम्ही पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेलो आणि मग त्या कमानींची रांग एका नजरेत आली. सांगली संस्थानच्या काळात, दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हा पूल उभा राहिला आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाव त्यांचेच राहिले. त्यापूर्वी पलीकडच्या सांगलीवाडीला आणि पश्चिमेकडच्या गावांना जाण्यासाठी लोक नावेवर अवलंबून असत, आणि पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली, की तोही मार्ग बंद होई. एका छोट्या संस्थानाने आपल्या प्रजेसाठी असे काम उभे करावे आणि ते जवळजवळ शंभर वर्षे पुरांना तोंड देत टिकावे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

परंतु सांगलीकरांच्या दृष्टीने या पुलाचे खरे महत्त्व रहदारीपेक्षा वेगळे आहे. हा पूल म्हणजे शहराची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत, मोबाइलवर आणि चहाच्या टपरीवर एकच आकडा विचारला जातो : ‘आयर्विनला किती फूट?’ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आम्ही गेलो तेव्हा पाणी इशारा पातळीच्या पुष्कळ खाली होते; तरी त्याचा रंग अजून तांबूस गढूळ होता आणि काठच्या झुडपांवर मागच्या चढाची ओली गाळाची रेघ दिसत होती.

घाटावर एक वयस्कर नावाडी आपली होडी उलटी करून तिच्या फळ्या तपासत बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली. सांगलीवाडी आणि आसपासच्या गावांमध्ये पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात. तरुणपणी तेही वल्ही मारत असत. मी त्यांना पुराबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी आधी नदीकडे पाहिले आणि मग म्हणाले, “पाणी चढाय लागलं की नदीचा आवाज बदलतोय बघा. आकडा नंतर कळतोय, आवाज आधी कळतोय.” पूर चढू लागला, की पट्टीचे पोहणारे तरुण पुलावरून पाण्यात उड्या घेतात, हा सांगलीचा जुना रिवाज. त्याबद्दल ते अभिमानाने बोलले. पण आपल्या नातवाला त्यांनी सक्त मनाई केली आहे, हेही त्यांनी सांगितले.

याच काठाशी स्वातंत्र्यलढ्यातला एक मोठा प्रसंग बांधलेला आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दिवस पावसाळ्याचे होते, कृष्णा भरून वाहत होती आणि पोलीस पाठीवर होते. या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आले. वसंतदादांना खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेल्या या माणसाचे स्मारक आज कृष्णेच्या काठावरच आहे. संध्याकाळी तिथे बरीच कुटुंबे येऊन बसतात. आम्हीही भडंगाचा पुडा घेऊन तिथे बसलो. लसूण, शेंगदाणे आणि कढीपत्त्याची तिखट फोडणी दिलेले सांगलीचे भडंग पावसाळी हवेत अधिकच चविष्ट लागते.

पूल पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, दुपारच्या उन्हापेक्षा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास निवडावा; त्या वेळी कमानींखाली तिरपा प्रकाश येतो आणि छायाचित्रेही चांगली मिळतात. दुसरी अधिक महत्त्वाची : कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि प्रवाहाला ओढही आहे. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. शेजारी समांतर नवा पूल झाल्यामुळे जुन्या पुलावरचा भार हलका होणे शक्य आहे. माझे स्पष्ट मत असे, की हा जुना पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखून, त्याची रीतसर डागडुजी करून, तो वारसा म्हणून जपला गेला पाहिजे.

रात्री घरी आल्यावर काकांनी जिन्याची भिंत दाखवली. भिंतीवर रंगाने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे वर्ष लिहिलेले होते : २००५, २०१९, २०२१. सगळ्यांत वरची रेघ २०१९ ची. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि गावभागासह शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. मावशी आणि काकांनी देवघरातले टाक, घराची कागदपत्रे आणि धान्याचे दोन डबे घेऊन वरचा मजला गाठला आणि तिथून त्यांना होडीने बाहेर काढले गेले. मावशी म्हणाली, “अरे, पाणी गेल्यावर जो चिखल राहतो ना, तो काढणं पुराहून अवघड. पंधरा दिवस भांड्यांना वास येत होता.” काकांनी रेघा पुसू दिलेल्या नाहीत. घराला दरवर्षी रंग दिला, तरी तेवढी भिंत ते सोडून देतात, कारण पुढच्या वेळी सामान किती उंचीवर ठेवायचे, हे त्या रेघाच सांगणार आहेत.

दुसरा दिवस : गणपती मंदिर आणि पेठ

सकाळी सहाला मावशीने उठवले आणि म्हणाली, “आवरा लवकर, चोर गणपती बसलेत.” आम्हाला याची काहीच कल्पना नव्हती. घरोघरी गणपती चतुर्थीला येतात. पण सांगलीच्या गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेलाच, कोणताही गाजावाजा न करता, या मूर्ती बसवल्या जातात आणि म्हणून लोक त्यांना चोर गणपती म्हणतात. त्या कागदाच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या मूर्ती आहेत. त्यांचे विसर्जन होत नाही. उत्सव झाला, की त्या जपून ठेवल्या जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवल्या जातात. आज पर्यावरणपूरक मूर्तींबद्दल आपण जे बोलतो, ते इथे कित्येक पिढ्या मुकाट्याने चालत आले आहे.

मंदिराकडे जाताना हरभट रस्ता लागतो. पटवर्धन घराण्याचे मूळपुरुष हरभट हे कोकणातल्या कोतवड्याचे आणि गणपतीचे निस्सीम भक्त. पुळ्याच्या गणपतीची त्यांनी उपासना केली, असे सांगितले जाते. पुढे हे घराणे पेशवाईत सरदारपदाला चढले, मिरजेची जहागीर त्यांच्याकडे आली आणि कुटुंबातल्या वाटणीनंतर १८०१ मध्ये पहिले चिंतामणराव आप्पासाहेब मिरज सोडून सांगलीला आले. त्यांनी सांगलीला राजधानी केले, गणेशदुर्ग वसवला आणि नदीच्या जवळ आपल्या आराध्य दैवताचे हे मंदिर बांधायला घेतले. बांधकामाला सुमारे तीस वर्षे लागली आणि १८४० च्या दशकात ते पूर्ण झाले. त्यासाठीचा काळा दगड ज्योतिबाच्या डोंगरातून आणला. बैलगाडीशिवाय दुसरे साधन नसलेल्या काळात तो दगड वारणेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातून इथवर आला, हे लक्षात घेतले म्हणजे तीस वर्षांचा काळ जास्त वाटत नाही.

महाद्वारातून आत गेल्यावर प्रशस्त प्रांगण लागते. पावसाने फरशी ओली होती आणि दुर्वा, जास्वंद व केवडा विकणाऱ्या बायका दाराबाहेर छत्रीखाली बसल्या होत्या. हे गणपती पंचायतन आहे, म्हणजे मुख्य देवता गणपती आणि भोवती शिव, देवी, सूर्य व विष्णू यांची मंदिरे. इथल्या शिवाला चिंतामणेश्वर आणि देवीला चिंतामणेश्वरी म्हणतात. संस्थापकाचे नाव असे देवांच्या नावांत सामावलेले आहे. गाभाऱ्यात ऋद्धी-सिद्धींसह गणपतीची प्रसन्न मूर्ती आहे. सकाळच्या आरतीला गर्दी होती, पण ती दुसऱ्या गावाहून आलेल्यांची नव्हती. ऑफिसला निघालेले लोक, दप्तर पाठीला लावलेली मुले, बाजारात दुकान उघडण्याआधी डोके टेकवायला आलेले व्यापारी, असे सगळे रोजचे लोक होते. कोणी कोणाला ढकलत नव्हते. दोन-तीन जणांनी काकांना हाक मारून “आज पाणी किती?” असे विचारले, तेही देवासमोर उभे राहून!

मंदिरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमची चौकशी केली आणि आम्हाला ओट्यावर बसवून उत्सवाचा क्रम सांगितला. चतुर्थीला संस्थानचा गणपती राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसतो आणि पाचव्या दिवशी त्याची मिरवणूक निघून कृष्णेच्या सरकारी घाटावर विसर्जन होते. संस्थान विलीन होऊन पाऊण शतक उलटले. तरीही सांगलीत अनेक घरांत पाच दिवसांचाच गणपती असतो. ते म्हणाले, “मिरवणुकीत पूर्वी पुढे हत्ती असायचा. मंदिराचा हत्ती म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचा हत्ती. माझ्या आईने त्याच्यासाठी रोज एक भाकरी जास्त केली.” हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला होता, आणि ऐकताना माझ्या पत्नीचे डोळे पाणावले.

एक गोष्ट मला इथे नमूद करावीशी वाटते. हे मंदिर पूर्णत्वाला जात होते, त्याच काळात, १८४३ मध्ये, याच चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. मंदिरासाठी दगड घडवणारा कारागीर आणि रंगभूमीवर उभा राहणारा नट, दोघांनाही एकाच राजाच्या खजिन्यातून वेतन मिळत असे. त्यामुळे सांगलीत येणाऱ्याने मंदिराइतक्याच आदराने नाट्यपरंपरेचीही आठवण ठेवावी, असे मला वाटते.

दर्शनानंतर आम्ही गणपती पेठेत गेलो. हळद, बेदाणे, मिरची, गूळ यांची ही जुनी घाऊक पेठ आहे आणि चालताना प्रत्येक दुकानापाशी वास बदलतो. २०१९ च्या पुरात ही पेठही पाण्याखाली गेली होती. हळदीच्या एका व्यापाऱ्यांनी दुकानातल्या लोखंडी मांडण्या दाखवल्या. पुरानंतर त्यांनी मांडण्यांची उंची वाढवून घेतली आणि तळाशी फक्त रिकामी पोती ठेवायची शिस्त लावली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरी न्यायची असेल, तर दळलेल्या हळदीऐवजी हळकुंडे घ्यावीत आणि ती घरी आणून दळून घ्यावीत. रंग आणि वास दोन्ही टिकतात. बेदाणे घेताना हिरवट, लांबट आणि हाताला चिकट न लागणारे निवडावेत.

दुपारी ऊन पडले आणि आम्ही हरिपूरला गेलो. सांगलीपासून हे गाव इतके जवळ आहे, की रिक्षानेही जाता येते. इथे वारणा येऊन कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. श्रावणी सोमवारची गर्दी सरली होती, त्यामुळे देवळात आम्ही, गुरव आणि पारायण करणाऱ्या दोन स्त्रिया एवढेच होतो. घाटावर उभे राहिले, की दोन नद्यांचे पाणी वेगवेगळ्या रंगाचे दिसते आणि बऱ्याच अंतरापर्यंत ते मिसळत नाही. सांगलीच्या पुराचे कारण या जागी उभे राहून नीट उमगते. वरून कोयनेचे पाणी कृष्णेत येते, बाजूने चांदोली धरणाचे पाणी वारणेतून येते, आणि दोन्हींची भेट शहराच्या अगदी खालच्या अंगाला होते. वारणा भरून आली, की कृष्णेला पुढे सरकायला वाव मिळत नाही, पाण्याला फुगवटा येतो आणि आयर्विन पुलापाशी आकडा चढू लागतो. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते आणि तिथेही हेच घडते.

हरिपूर ही नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांची जन्मभूमी, आणि हळदीच्या पेवांचे गाव. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, कारण इथल्या मातीत ओल झिरपत नसे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. गावातल्या एका शेतकऱ्यांनी आपल्या जागेतले बुजलेले पेव दाखवले. वर गवत उगवले होते. शेकडो वर्षांची साठवणुकीची विद्या एका पावसाळ्यात जावी, याचे मला फार वाईट वाटले. निदान एखादे पेव तरी दुरुस्त करून अभ्यासकांसाठी खुले ठेवावे.

तिसरा दिवस : नृसिंहवाडी

मावशीचा निरोप घेऊन आम्ही जयसिंगपूर आणि शिरोळमार्गे नृसिंहवाडीला निघालो. रस्ता चांगला आहे आणि तासाभरात पोहोचता येते. मात्र पूर असताना या भागातले सखल रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे हे दत्तस्थान. श्री नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि औदुंबराखाली आपल्या पादुका ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुकांचीच पूजा होते. मंदिर अगदी घाटावर, नदीच्या पात्रालगत बांधलेले आहे, आणि सांगलीत दोन दिवस पाण्याचे आकडे ऐकल्यानंतर पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की देऊळ इतक्या खाली का बांधले असेल?

त्याचे उत्तर घाटावर भेटलेल्या पुजाऱ्यांनी दिले. नदी चढू लागली, की पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक रात्री-अपरात्रीही धावत येतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी वाढले, की उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात हलवतात आणि पूजा तिथे सुरू राहते. पुजारी म्हणाले, “महाराजांच्या भेटीला कृष्णामाई स्वतः येते. आपण वाट द्यायची.” त्यांच्या घरातही पाणी शिरले होते आणि २०१९ मध्ये त्यांना कुटुंबासह गाव सोडावे लागले होते. तरीही त्यांच्या बोलण्यात नदीबद्दल कडवटपणा नव्हता. एकाच नदीचे तेच चढते पाणी सांगलीत पुलाच्या खांबावर मोजले जाते आणि इथे देवाच्या पायांवर. त्या दोन्ही ठिकाणची माणसे मला भेटली, आणि दोघांनाही नदीची भाषा सारखीच कळते, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आम्ही गेलो तेव्हा पाणी घाटाच्या मधल्या पायऱ्यांवर होते. माझ्या पत्नीने ओटी भरली, आम्ही पादुकांचे दर्शन घेतले आणि दुपारच्या महाप्रसादाला बसलो. पंगतीत शेजारी कर्नाटकातल्या चिकोडीकडचे एक कुटुंब होते. त्यांच्यातली आजी कन्नडमिश्रित मराठीत पत्नीला आग्रहाने वाढायला सांगत होती आणि स्वतःच्या पानातला गोडाचा तुकडा आमच्या पानात ठेवत होती.

नृसिंहवाडीला जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शनिवार, पौर्णिमा आणि दत्तजयंती या दिवशी फार गर्दी असते. निवांत दर्शन हवे असेल, तर मधला वार निवडावा. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, वृद्धांना हात धरून उतरवावे. दक्षिणद्वाराच्या वेळी जायचे असेल, तर पोलीस आणि देवस्थानचे सेवेकरी जिथे थांबवतील तिथेच थांबावे, कारण पाण्याची ओढ वरून दिसत नाही. इथली बासुंदी त्याच दिवशी खावी; प्रवासात न्यायची असेल, तर कवठाची बर्फी अधिक टिकते आणि तिची आंबटगोड चव दुसरीकडे सहसा मिळत नाही. सार्वजनिक वाहनाने येणाऱ्यांनी जयसिंगपूर किंवा मिरज स्थानकावर उतरून एसटी पकडावी. पूल, गणपती आणि दत्त या तिन्हींसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. परंतु नदीचे खरे रूप पाहण्याची इच्छा असेल आणि पाणी इशारा पातळीच्या खाली असेल, तर भाद्रपदाच्या आरंभीच जावे, म्हणजे चोर गणपतींचेही दर्शन घडेल.